पाळण्याचं बिल कोणाच्या दारात

पाळण्याचं छत तेवढं आलं होतं, बाकीचा पाळणा अजून वाटेत होता. दोन हजार चार साली वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या कल्पेशच्या सायबर कॅफेत कुठलंही चित्र असंच वरून खाली बोटबोट सरकत उतरायचं. कुणाचा फोटो आला तर कपाळ दिसल्यापासून हनुवटी दिसेपर्यंत कटिंग चहा पिऊन व्हायचा, आणि मध्येच लाईट गेली तर तो माणूस नाकापर्यंतच राहायचा. कृष्णराव भाटवडेकर मांडीवर रेक्झिनची बॅग धरून त्या छताकडे पाहत होते. शेजारच्या स्टुलावर वसुंधराबाई छताला झालर आहे की नाही ते बघत होत्या. झालर होती, त्यामुळे त्यांच्या बाजूने पाळणा पास झाला होता.

पाळणा जायचा होता न्यू जर्सीला. तिथे त्यांच्या अश्लेषाला मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते तिकडेच झालं. आई-वडिलांनी निदान मदतीला जावं, तर कृष्णरावांचा पासपोर्ट 'पत्ता जुना गिरगावचा धरायचा की आताचा वसईचा' या प्रश्नावर अडकून बसलेला, आणि नवऱ्याला टँकरच्या पाण्यावर सोडून वसुंधराबाई एकट्या जायला तयार नव्हत्या. विहीणबाई, म्हणजे जावई वेदांतच्या आई रंभाबाई, मात्र वेळेवर पोचल्या. खाडीकाठी पिढ्यान् पिढ्या भातशेती करणारं त्यांचं घर. त्या घराचा पत्ता कधी बदललाच नव्हता, तेव्हा त्यांच्या पासपोर्टाला कोण काय विचारणार? बारसं लांबवून पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी ठेवलं होतं. बारशाला पाळणा आजोळचा असतो, हे सांगायला कुणाला पोथी उघडावी लागत नाही.

त्यातून रंभाबाईंचं एक वाक्य कृष्णरावांच्या मनात रुतून बसलं होतं. लग्नाच्या बोलणीसाठी त्या पहिल्यांदा फ्लॅटवर आल्या, तेव्हा हॉल, किचन, गॅलरी सगळं पाहून झाल्यावर वर स्लॅबकडे बघत म्हणाल्या होत्या, "घर चांगलं हाय. पन उद्या नातवंडाचा पाळना टांगायचा झाला तर आढं कुठं हाय?" बाई अगदी सहज बोलल्या आणि पोह्यांकडे वळल्या. कृष्णरावही हसले. पण त्या दिवसापासून घरात शिरताना ते आधी छताकडे बघत. आयुष्यभराच्या कर्जातून घेतलेल्या वन रूम किचनला बाकी सगळं आहे आणि आढं तेवढं नाही, ही गोष्ट त्यांच्या आधी कधी ध्यानातच आली नव्हती.

आता साधन म्हणाल तर तेही होतं. अश्लेषाने मागच्या खेपेला तिच्या अमेरिकेतल्या बँकेचं एक जोडकार्ड वडिलांच्या नावाने करून आणलं होतं. अडीअडचणीला असू द्या, म्हणाली. वसुंधराबाईंनी त्याला हळदकुंकू वाहून कपाटात ठेवलं, त्यामुळे त्याच्या मागच्या काळ्या पट्टीला कायमचा गुलाबी रंग चढला होता. मुलीच्या कार्डावर मुलीला आहेर करणारा बाप मी नव्हे, असं म्हणून कृष्णरावांनी पाळण्याची किंमत रुपयांत काढून तिच्या वसईच्या खात्यात आधीच भरून टाकली होती. राहता राहिला पत्ता. अश्लेषाने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं की बाबा, बिलिंग ॲड्रेस विचारतील तिथे माझा इथला पत्ता टाका, बँकेकडे तोच आहे.

कृष्णरावांनी ते ऐकून घेतलं आणि मनातल्या मनात रद्द केलं. सातिवलीच्या स्विचच्या कारखान्यात ज्या माणसाने उभा जन्म डिस्पॅचमध्ये काढला, त्याला कालची पोर बिल कुठे पाठवायचं ते शिकवणार? त्यांच्या टेबलावर दोन रबरी शिक्के असायचे, एक 'बिल टू'चा आणि एक 'शिप टू'चा. ज्याचा पैसा त्याच्या दारात बिल, आणि ज्याची गरज त्याच्या दारात माल, हा त्यांचा धर्म होता. एकदा मालकाच्या मेव्हण्याने हौसेने डिस्पॅच सांभाळलं आणि बिल व माल एकाच पत्त्यावर धाडला. तो माल एका शेटजींनी आपल्या साडूला वास्तुशांतीचा आहेर म्हणून पाठवलेला होता. साडूच्या हातात आहेराबरोबर आहेराचं बिल पडलं, आणि ती दोन घरं पुढे कित्येक वर्षं एकमेकांच्या दारात गेली नाहीत. कृष्णराव हा किस्सा सांगताना शेवटी आवाज खाली आणत.

इथे तर प्रसंग त्याहून नाजूक होता. न्यू जर्सीच्या त्या घरात सध्या दुपारच्या वेळी टपाल घेणारी एकच व्यक्ती होती, आणि ती म्हणजे रंभाबाई. आजोळच्या पाळण्याचं बिल विहिणीच्या हातात पडलेलं कृष्णरावांना डोळ्यांसमोर दिसत होतं.

आणि मूळ मुद्दा रीतीचा. जिथे मुलगी दिली त्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही भाटवडेकरांच्या घरातली जुनी रीत. वसुंधराबाईंनी ती कधीच गुंडाळून ठेवली होती, पण कृष्णराव पाळत. लग्नानंतर पहिल्या गणपतीला ते खाडीकाठच्या त्या घरी गेले तेव्हा घरून पाण्याची बाटली घेऊन गेले आणि अंगणात पाठमोरे उभे राहून तिच्यातलं पाणी प्यायले. त्या घरच्या विहिरीचं पाणी गोड म्हणून आसपासचे लोक हंडे घेऊन येत. कृष्णरावांच्या बाटलीत होतं ते एव्हरशाईनच्या टँकरचं, ज्याचा चहा केला तर दूध नासायचं. परतताना वसुंधराबाई सबंध रिक्षाभर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

"जिथलं पाणी पीत नाही तिथे बिल पाठवू?" कृष्णराव म्हणाले, आणि त्यांनी कल्पेशला फॉर्म उघडायला लावला. तोपर्यंत पाळण्याची चाकं उतरली होती.

माल कुठे, तर अश्लेषाकडे. तो भाग बिनबोभाट झाला. बिल कुठे, तर श्री. कृष्णा भाटवडेकर, एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व. इथपर्यंत सगळं झकास चाललं आणि मग राज्य निवडायची पाळी आली. फॉर्ममध्ये अमेरिकेची सगळी राज्यं ओळीने उभी होती, त्यात महाराष्ट्र नव्हता. कल्पेशने यादी वरपासून खालपर्यंत दोनदा फिरवली. म वरून मेन, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स अशी बरीच मंडळी निघाली, पण ओळखीचं कुणी निघेना.

त्या वेळी बाजूच्या कॉम्प्युटरवर बहारीनच्या मित्राला मेल लिहीत बसलेले गॅब्रिएल पुढे झाले. गॅब्रिएल मूळचे जवळच्याच नंदाखाल गावचे. आखातात नोकरी करून आले आणि कृष्णरावांच्या खालच्या मजल्यावर फ्लॅट घेऊन राहिले. वाडीतल्या केळ्यांची सुकेळी ते बिल्डिंगभर वाटत, त्यामुळे त्यांचा सल्ला मोडायचं धाडस कुणाला होत नसे. परदेशासंबंधी कुठलाही प्रश्न एव्हरशाईनमध्ये त्यांच्याच हाताखालून जात असे. त्यांनी यादी नीट वाचली आणि म्हणाले, "भाटवडेकर, मेरीलँड घ्या. मेरी माऊलीचं नाव आहे, काम अडणार नाही." वसुंधराबाईंना हे पटलं. वसई मेरीलँडमध्ये गेली.

मग पिनकोड. वसई पूर्वेचा आकडा सहा अंकी, आणि अमेरिकेने चौकट ठेवलेली पाचाची. सहावा अंक दाबला की कॉम्प्युटर नुसता टुक् करायचा. एक अंक बळी देणं भाग होतं. वसुंधराबाईंचं मत शेवटचा आठ काढावा, कारण शेवटच्या आकड्यापर्यंत वाचतो कोण. कृष्णरावांना तो विचार डिस्पॅचच्या दृष्टीने असह्य झाला. शून्याला किंमत नसते तेव्हा शून्य काढा, हा गॅब्रिएलांचा तोडगा सर्वांना मान्य झाला, पण ४०१२०८ मध्ये शून्यं दोन. कुठलं काढायचं यावर बराच खल झाला. अखेर चारच्या शेजारचं काढलं, आणि बटण दाबलं.

पान पांढरं झालं, मग एक लाल ओळ आली. कल्पेशने ती वाचून दाखवली. पत्ता कार्डाशी जुळत नाही.

"म्हणजे दुसरं शून्य काढायला हवं होतं," गॅब्रिएल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुसरं शून्य काढलं. तीच लाल ओळ. तिसऱ्या दिवशी लोडशेडिंग होतं. चौथ्या दिवशी गॅब्रिएलांना आठवलं की बहारीनला घरांना पत्तेच नसायचे, सगळा कारभार पोस्टाच्या पेटीवर चालायचा. फॉरेनला घरचा पत्ता दिला की त्यांना संशय येतो, असा त्यांनी सिद्धान्त मांडला. वसईच्या पोस्टात कृष्णरावांची पेटी नव्हती, म्हणून गॅब्रिएलांनी आपला जुना बहारीनचा पेटी नंबर उदार मनाने दिला. लाल ओळ पुन्हा आली, आणि या खेपेला तिच्याखाली आणखी एक ओळ होती. ती वाचून कल्पेश म्हणाला, "काका, आता थोडे दिवस नका करू. ते लोक रागावलेत."

इथे कृष्णरावांचा स्वाभिमान दुखावला. आपण जिथे राहतो तिथे राहतो, एवढी साधी गोष्ट एक परदेशी दुकान मानायला तयार नाही? सोसायटीचा मेन्टेनन्स ते वेळेवर भरतात, मतदारयादीत त्यांचं नाव आहे, टँकरवाला त्यांना नावाने हाक मारतो. पासपोर्टवाले म्हणतात तुम्ही वसईचे नाही, आता हेही म्हणतात. मग माणसाने राहायचं तरी कुठे? "पुरावाच पाठवतो," ते म्हणाले, आणि हे वाक्य ऐकून गॅब्रिएलांचा चेहरा उजळला.

कारण गॅब्रिएल हे विशेष कार्यकारी अधिकारी होते. कागदाची नक्कल खरी आहे असा शिक्का मारायचा अधिकार त्यांना शासनाने दिला होता, पण दहावीचे निकाल लागण्याचे दिवस सोडले तर तो वापरायची संधी कुणी देत नसे. शाईचं पॅड सुकू नये म्हणून ते अधूनमधून वर्तमानपत्राच्या कडेला शिक्का उठवून बघत. त्या संध्याकाळी त्यांनी कृष्णरावांच्या रेशनकार्डाच्या नकलेवर, लाईटबिलावर आणि सोसायटीच्या दाखल्यावर मनसोक्त शिक्के मारले. रेशनकार्डाचं मागचं पान कोरं होतं, तेही खरी नक्कल म्हणून साक्षांकित झालं. त्याला कृष्णरावांनी आपल्या डिस्पॅचच्या इंग्रजीत पत्र जोडलं की बिल मला पाठवा, पाळणा मुलीला पाठवा, उलट करू नये, आणि शेवटी 'काइंडली डू द नीडफुल'. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून तो सगळा ऐवज अमेरिकेच्या दुकानाला फॅक्स झाला. बूथवाल्याने विचारलं की तिकडे रॉकेल मिळतं का रेशनवर. कृष्णरावांनी त्याच्याकडून फॅक्सची पावती मागून घेतली.

आता अमेरिकेच्या बाजूने जरा विचार करा. न्यू जर्सीतल्या एका बाईचं जोडकार्ड घेऊन कुणी कृष्णा नावाचा माणूस सोमवारी मेरीलँडच्या एका गावात राहतो, मंगळवारी दुसऱ्या गावात राहतो, गुरुवारी पोस्टाच्या पेटीत राहतो, आणि शुक्रवारी जांभळ्या शिक्क्यांचे कागद पाठवतो, जे कुणाला वाचता येत नाहीत. इतका सगळा खटाटोप एका पाळण्यासाठी. दुकानाने बँकेला कळवलं, बँकेने कार्डाला कुलूप घातलं आणि कार्डवालीच्या घरी फोन केला.

दुपारची वेळ होती. बाळ-बाळंतीण झोपल्या होत्या, वेदांत ऑफिसला. फोन घेतला रंभाबाईंनी.

हे सगळं कृष्णरावांना कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी. अश्लेषाचा फोन आला आणि तिने पहिलाच प्रश्न केला की बाबा, तुम्ही मेरीलँडला कधी गेलात? मग ती हसायला लागली आणि तिला थांबता येईना. कृष्णराव कप हातात धरून उभे होते. रंभाबाईंना त्या बँकवाल्याच्या बोलण्यातलं 'कृष्णा' तेवढं कळलं, पुन्हा पुन्हा तेच नाव ऐकून त्या घाबरल्या की व्याह्यांना काही झालं की काय, आणि त्यांनी अश्लेषाला उठवून फोन दिला. म्हणजे ज्यांना कळू नये म्हणून एवढं केलं त्यांनाच सर्वांत आधी कळलं होतं. अश्लेषाने विचारलं की मी सांगितलेला पत्ता का नाही टाकलात, तेव्हा कृष्णरावांनी आधी पिनकोडचं काही सांगून पाहिलं. मग खरं ते सांगून टाकलं.

"बिल तुझ्या सासरी गेलं असतं गं," ते म्हणाले. "आजोळचा एक पाळणा, तोसुद्धा नीट पाठवता येत नाही मला."

तिकडे हसणं थांबलं. बाबा, बिल कुठेच जात नाही, असं ती हळू आवाजात सांगायला लागली. बँक फक्त पत्ता ताडून बघते, कागद येत नाही. कृष्णरावांना ते ऐकू येत होतं, पण आत जात नव्हतं. इतक्यात फोनवर खुडखुड झाली आणि दुसराच आवाज आला.

"व्याही, मी रंभा बोलते. तुमी गनपतीला आमच्या घरी पान्याची बाटली घेऊन आलेलात. मी तेव्हाच बघितलं. बोलले नाय."

कृष्णरावांनी कप खाली ठेवला.

"आमच्यातबी ती रीत हाय. माझा बाप माझ्या घरी आला तर बांधावर बसायचा, विहिरीजवळ फिरकायचा नाय. पन नातवंड झालं का रीत सुटते. माझ्या वेदांतचं तोंड बघितलं आनि बाबाने ओट्यावर बसून तांब्याभर पानी मागून घेतलं. तुमाला नात झाली की नाय?"

"झाली," कृष्णराव म्हणाले.

"मग सुटलात तुमी. पानी चालतं, आनि पत्ता नाय चालत?"

कृष्णरावांना काही बोलायचं होतं. आढ्याचं ते वाक्य इतके दिवस सांभाळून ठेवलं होतं, त्याचंही उत्तर द्यायचं होतं. पण तेवढ्यात वसुंधराबाईंनी त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला. विहिणी विहिणी बराच वेळ बोलल्या. कृष्णराव गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि खाली आलेल्या टँकरची नळी कोण धरतंय ते पाहत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते धुळीने नव्हते.

अश्लेषाने बँकेला सगळं समजावून कार्डाचं कुलूप काढलं. कल्पेशच्या कॅफेत त्या दिवशी गॅब्रिएलही आले होते, खिशात शिक्का घेऊन, वेळ आली तर असावा म्हणून. कृष्णरावांनी कळफलक स्वतःकडे ओढला. बिल कुठे, या चौकटीत त्यांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, मुलीच्या घराचा पत्ता घातला. पाच आकड्यांच्या चौकटीत पाच आकडे बसले. बटण दाबलं, पान पांढरं झालं, आणि यावेळी ओळ हिरवी आली. वसुंधराबाईंनी कल्पेशच्या हातावर साखर ठेवली. गॅब्रिएल म्हणाले की मेरीलँडनेच रस्ता मोकळा केला, आणि त्यांना कुणी विरोध केला नाही.

पाळणा बारशाच्या आदल्या दिवशी पोचला. वेदांतने तो जोडताना छत उलटं बसवलं, त्यामुळे झालर आतल्या बाजूला आली. फोटो कल्पेशकडे रंगीत छापून घेतला, तो उतरायला अर्धा तास लागला. पाळण्याला खाली चार पाय होते. टांगायला आढं लागत नव्हतं. कृष्णरावांनी ही बाब मुद्दाम गॅब्रिएलांना दाखवली.

आता कल्पेशच्या जागी मोबाईलची कव्हरं विकतात. पैसे पाठवायला अंगठा पुरतो, आणि चित्रं एका झटक्यात येतात, कपाळापासून चपलेपर्यंत. एव्हरशाईनमध्ये नळाला पाणीही येतं. तरी त्या दिवसांचं कुणी काही काढलं की वसुंधराबाई म्हणतात की तेव्हा बरं होतं, निदान पाळणा खाली उतरेपर्यंत माणसं एकमेकांशेजारी बसून राहायची. पासपोर्टही पुढे मिळाला, पण ती निराळी कथा, आणि ती पाळण्याहून लांब आहे.

रंभाबाई पावसाळ्याआधी परत आल्या. त्यांना भेटायला कृष्णराव आणि वसुंधराबाई खाडीकाठी गेले. रिक्षात बसताना वसुंधराबाईंनी नवऱ्याच्या बॅगेत हात घालून पाहिला, बाटली नव्हती. ओट्यावर बसल्यावर नातीचे फोटो पाहून झाले. मग रंभाबाई उठून आत गेल्या. बाहेर आल्या त्या घासून लख्ख केलेला तांब्या आणि पेला घेऊन. तांब्याला बाहेरून गारव्याने घाम सुटला होता.

कृष्णरावांनी पेला दोन्ही हातांनी घेतला. पाणी खरंच गोड होतं. इतकी वर्षं लोक उगीच हंडे घेऊन येत नव्हते. सगळा पेला संपेपर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही. रंभाबाई तांब्या धरून तशाच उभ्या होत्या.

"विहीणबाई," कृष्णराव म्हणाले, "आणखी एक द्या."